शेजाऱ्यांनी ‘मध्ये पडू नये’ म्हणे!

चाळकरीण: काल एका महाशयांनी लिहिलं, घरातल्या मारहाणीत महिला मंडळांनी नाक खुपसू नये, पोलीस कशाला आहेत. डोकंच फिरलं माझं. अहो रात्री एक वाजता बाई पोराला घेऊन जिन्यात येऊन बसते तेव्हा पोलीस असतात का तिथे? शेजारीण असते. धारावीत ‘स्नेहा’ संस्थेच्या संगिनी हेच करतात, वस्तीतल्याच बायका, गरज पडली तर चौकीला सोबत जातात. आणि पोलिसांचंच म्हणाल तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला 1984 साली पोलीस आयुक्तालयातच अशा बायकांसाठी स्पेशल सेल काढायची वेळ का आली? 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 4 पण वाचा, शेजाऱ्याने चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं तर त्याच्यावर केस होत नाही.

लालबागचा_बाळ्या: ते महाशय मीच. ताईच्या सासरी, वांद्र्याला, मंडळाच्या बायका आल्या, चहा झाला, भावजींनी ‘परत हात उचलणार नाही’ म्हणून वहीच्या कागदावर सही केली आणि ताईला त्याच रात्री तिथेच ठेवून सगळ्या घरी. दिवाळीला तिचा हात प्लास्टरमध्ये. हे तुमचं समाजकार्य!

बी_विंग: चाळीत निदान ऐकू तरी येतं हो. आमच्या एसआरएत, म्हणजे झोपडपट्टीच्या जागी बांधलेल्या टॉवरात, दार लावलं की संपलं. सातव्या मजल्यावरचा आरडाओरडा सेक्रेटरीला सांगितला तर म्हणे लेखी द्या, मीटिंगला घेऊ.

गिरणगाव: सेक्रेटरीचं नाव काढू नका! आमची लिफ्ट गणपतीपासून बंद, मेंटेनन्स मात्र वाढवला.

बी_विंग: आणि सीसीटीव्ही सगळे पार्किंगकडे. बाईपेक्षा अॅक्टिव्हा महत्त्वाची.

गिरणगाव: आमच्याकडे तर ते पण बंद, नुसते डबे लटकतायत.

चाळकरीण: लिफ्टचा धागा वेगळा काढा ना!! बाळ्या, समेट करा म्हणून कोणी सांगितलं त्यांना? ताईला काय हवंय ते एकीने तरी विचारलं का?

लालबागचा_बाळ्या: ज्ञान पाजळू नका. विचारलं ते भाभा हॉस्पिटलच्या ‘दिलासा’त, मार खाल्लेल्या बायकांसाठीच्या केंद्रात. प्लास्टरला गेली तेव्हा तिथल्या मॅडमनी भावजींना बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. तेव्हा कुठे तिला कळलं की घर सासूच्या नावावर असलं तरी तिला असं हाकलता येत नाही. मंडळ नाही, महापालिकेचं हॉस्पिटल!

चाळकरीण: बरं. आणि हॉस्पिटलला नेलं कोणी? भावजींनी स्वतःहून?

लालबागचा_बाळ्या: समोरच्या खोलीतल्या मावशींनी, त्या हटल्याच नाहीत म्हणून तो मागून आला. झालं समाधान? पण त्या मंडळात नव्हत्या, हे पण लिहून ठेवा.