कोल्हापुरात राजारामपुरीत छोट्या जागेत बँडचा शो, शब्द ऐकू येण्यासाठी काय करू?

पंचगंगेचा_बेसवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, ड्रम, बेस, गिटार आणि गाणारा. सगळी गाणी स्वतःची, मराठीत. पुढच्या महिन्यात राजारामपुरीत एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदा तिकीट लावून वाजवायचंय, जागा साठेक माणसांची. मागं एका हॉलमध्ये वाजवलं तेव्हा गणपतीत डॉल्बी लावणाऱ्याला सांगितलेलं, त्यानं दोन मोठे बेसचे स्पीकर आणले पण मॉनिटर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडं तोंड करून ठेवतात तो स्पीकर) एकपण नाही, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज येईना म्हणून तो ओरडत राहिला आणि तिसऱ्या गाण्याला घसा बसला. शेवटी आई म्हणाली, शब्द काय होते रे? लई वाईट वाटलं, कारण त्या शब्दांवरच वर्षभर बसलोय. मोठे स्पीकर मागवू का?

झांज_आणि_स्नेअर:
भावा, मोठे स्पीकर अजिबात नको. डॉल्बी मिरवणुकीत गाणं लांबपर्यंत पोचवायला असते. तुझ्या खोलीत ड्रम माईकशिवायच सगळ्यांच्या वर जाणार, मग गिटारवाला ॲम्प (गिटारचा स्वतःचा स्पीकर) वाढवणार, मग तू, आणि शेवटी गाण्याचा माईक वाढवायला गेलं की स्पीकरमधून शिट्टी. त्यामुळं ड्रमपासून सुरू कर. काठ्यांऐवजी रॉड्स घ्या, बारीक काड्यांची जुडी असते ती, स्नेअरवर, म्हणजे मधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर, टॉवेलचा तुकडा टाका. गिटारचा ॲम्प खुर्चीवर ठेवून वाजवणाऱ्याच्या कानाकडं तिरका करा, जमिनीवर असला की त्याला स्वतःला कमी ऐकू येतं आणि पहिल्या रांगेचे कान फुटतात. गाण्याचा माईक बहुतेक वेळा कार्डिऑइड जातीचा असतो, तो पाठीमागून सगळ्यात कमी पकडतो, म्हणून मॉनिटर बरोब्बर माईकच्या पाठीशी. मेन स्पीकर माईकच्या पुढं, स्टँडवर, बसलेल्या लोकांच्या डोक्यावर. मागच्या भिंतीला गोधड्या टांगा, झांजांचा चरचराट दबतो (बेस काही दबत नाही, तो तुलाच कमी करावा लागणार). रिकाम्या खोलीत साऊंडचेकला जरा घुमतंच, माणसं भरली की सुधारतं, घाबरून बटणं फिरवत बसू नका. आणि मॉनिटर आहे का हे साऊंडवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी विचार.

तारबाईपार्क_७:
वर सगळं पटलं. फक्त वेळेचं बघा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, बंदिस्त सभागृहाला सवलत असली तरी कॅफेच्या खिडक्या उघड्या असल्या तर ती धरून चालू नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ड्रम त्याच्या कितीतरी वर जातो. आम्ही साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरलं, आदल्या दिवशी समोरच्या घरी जाऊन सांगून आलो, काकांनी वर येऊन दोन गाणी ऐकली. पोलीस ठाण्यात अर्ज आधीच द्या. दुसऱ्यांची गाणी घेणार असाल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन पण बघावं लागतं.

मंगळवारपेठ:
कोल्हापुरात आपली गाणी कोण ऐकणार म्हणून चार गाजलेली घुसडू नका एवढीच विनंती. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते, त्यांची गायकी काय सोपी होती का, तरी ह्या गावानं ऐकलीच की. शब्द छापून खुर्चीवर ठेवा, मी येतोय.

पंचगंगेचा_बेसवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रमर रॉड्सला तयार झालाय, आईनं तीन गोधड्या काढून ठेवल्यात. मॉनिटर भाड्यानं देणारं कोणी माहीत असेल तर मेसेज करा, दोन लागतील.