व्याख्यान ऐकून घरी आल्यावर काय बदललं? (अनुभव धागा)

मधुमेह, बीपी, सांधेदुखी, विस्मरण, पडणं... उतारवयातल्या आजारांवर तज्ज्ञांची व्याख्यानं आपण बरेच जण ऐकतो. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. घरी आल्यावर नेमकं काय बदललं? सारांश नको, तो कुठेही मिळतो. ऐकलेली एखादी गोष्ट घरात कशी रुजली, कुठे अडली, कोणी नाकं मुरडली, ते लिहा. औषधं आणि डोस यांचे सल्ले मात्र एकमेकांना देऊ नका, ते आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

सुरुवात मी करते. आम्ही ऐकलेल्या हृदयविकारतज्ज्ञांनी बराचसा वेळ बीपी मोजायचं कसं यालाच दिला. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला आणि पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी नको, लघवी तुंबलेली नको आणि मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं आमच्याकडे सगळ्यात जड गेलं. पट्टा फुगायला लागला की आकडा किती येणार याचा अंदाज बाबा मोठ्याने सांगतात! आता मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहितो. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, तिथे घरच्या मोजणीसाठी १३५/८५ धरतात, हेही तिथेच कळलं. दवाखान्यात बाबांचा आकडा नेहमी चढलेला असतो. डॉक्टरांनी वही नीट पाहिली आणि गोळी वाढवली नाही.

*

आमच्याकडे बदल झाला तो सासूबाईंच्या औषधांत. वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्या नका आणू, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा." सगळी म्हणजे डोळ्यांचे थेंब, चूर्ण, झोपेची गोळी, दुकानातून परस्पर आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी एक उदाहरण दिलं आणि मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू होतं. त्याने काहींच्या घोट्यांना सूज येते. सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते. त्या गोळीने रात्री उठावं लागतं आणि अंधारात तोल जातो. प्रत्येक गोळी देणाऱ्याचं आपापल्या जागी बरोबरच असतं. पण एका माणसाचे तीन-चार डॉक्टर, आणि सगळ्यांची औषधं एकत्र लिहिलेला कागद कोणाकडेच नाही!

आम्ही पिशवी नेली. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, घोट्यांची सूज ओसरली, मग लघवीची गोळीही त्यांनीच थांबवली. आता कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली आहे: औषध, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून. 'कशासाठी' हा रकाना भरताना दोन औषधांपुढे काय लिहावं ते आम्हा दोघींनाही सुचेना. ती दोन नावं घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो.

*

थोडं वेगळं लिहितो. मी गेलो ते व्याख्यान हाडांच्या ठिसूळपणावर होतं. दारातच टाचेला यंत्र लावून तपासणी चालली होती आणि बाहेर पावडरीच्या डब्यांचं टेबल. आई घाबरून गेली. नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी समजावलं की टाचेच्या तपासणीवरून निदान करत नाहीत, त्यासाठी खुबा आणि मणक्याची डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) लागते. तिच्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आईचा तितका खाली नव्हता. ज्या व्याख्यानाच्या दाराशी काही विकायला ठेवलेलं असतं तिथे मी आता आईला नेत नाही, आणि हे मी सगळ्यांना सांगतो.

*

फिजिओथेरपिस्टनी व्याख्यान थांबवून सगळ्यांना हात छातीवर घेऊन खुर्चीतून उठायला सांगितलं. निम्मं सभागृह पुन्हा हातांच्या आधाराकडे वळलं. बाबा तिसऱ्या खेपेला कसेबसे उठले. त्या दिवसापासून बातम्या लागल्या की ते उठबस करतात आणि ओट्याला एक हात लावून एका पायावर उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सांगते. आम्ही नुसत्या चालण्यावर समाधान मानत होतो. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर जरा बसायचं, मग उभं राहायचं, हेही सुरू केलंय, कारण एकदम उभं राहिलं की बीपी उतरून चक्कर येऊ शकते.

*

काकांचं कानाचं मशीन खणात पडून होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात ऐकू कमी येणंही आहे, हे ऐकून काकूंनी ते बाहेर काढलं. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, थोडा थोडा वेळ घालायचं, गर्दीत पहिल्या दिवशी नाही. आता फोनवर तेच आधी बोलतात.

*

मी असे कार्यक्रम ठरवते, म्हणून आयोजकांच्या बाजूने लिहिते. लघवीवर ताबा न राहणं या विषयावर डॉक्टर छान बोलल्या. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकून नेटाने केला तर पुष्कळ जणींना फरक पडतो, हेही सांगितलं. प्रश्नांची वेळ आली आणि एकही हात वर नाही. मग आम्ही कोरे कागद वाटले, नाव लिहू नका म्हटलं. डबा भरला! त्यातले काही प्रश्न पुरुषांचेही होते, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे. खोकला-शिंक आली की होणारी गळती हे म्हातारपण म्हणून सोसत आलेल्या बायका तर कितीतरी. डॉक्टर वेळ संपल्यावरही थांबून उत्तरं देत राहिल्या. तेव्हापासून कागद आणि पेन्सिली आम्ही आधीच खुर्च्यांवर ठेवतो, आणि पुढचा विषय त्या चिठ्ठ्या वाचूनच ठरवतो.