गरोदरपणातली शुगर: तुमच्याकडे कसं सांभाळता? (अनुभव धागा)

रानतुळस:
आज उपकेंद्रावर ग्लुकोजचं पाणी घेऊन बसलेल्या बायांची रांग दिसली अन् लघवीची पट्टी पाहून सोडून द्यायचे ते दिवस आठवले. आता 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, उपाशी असो की जेवलेली, 5 ते 10 मिनिटांत प्यायचं. 2 तासांनी रक्त. 140 किंवा वर आलं की शुगर धरायची. पुडा 100 ग्रॅमचा असेल तर त्यातून सपाट 5 चमचे काढून ठेवा, शीग नको. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.
पहिली चाचणी नाव नोंदवतानाच होते. 24 ते 28 आठवड्यांतली दुसरी सुटते, कारण बाई वेचणीला नाहीतर माहेरी. अन् वारेतले हार्मोन इन्सुलिनला अडवतात त्याचा जोर तेव्हाच वाढतो! पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडू नका.

पातोडी:
भात बंद कर म्हणू नका हो, भंडारा-गोंदियाची बाई खाईल काय? भात एक वाटी, वरण घट्ट, भाजी दुप्पट. भाकरीनं शुगर वाढत नाही हा गैरसमज आहे, ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरीही वाढवतात. तीन जेवणं, मध्ये फुटाणे, ताक, मोडाची मटकी. उपाशी ठेवणं तर बिलकूल नाही. गुळाचा चहा अन् साखरेचा चहा रक्ताला सारखाच. संत्रं फोडी करून खा, रस काढू नका.

वर्धाकाठ:
पातोडी ताई, उपासाला भगर चालते का?

पातोडी:
भगर म्हणजे धान्यच, भातासारखी मोजून. साबुदाणा नकोच. पण इन्सुलिनची सुई चालू असेल तर उपासच नको, माय.

कापूसबोंड:
आकडे लिहून ठेवा: उपाशीपोटी 95 च्या खाली, जेवणानंतर 2 तासांनी 120 च्या खाली. दोन आठवडे नीट जेवूनही 120 च्या वर राहिली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात.
आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीवर विसंबू नका. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, आकडा खोटाच कमी दिसतो. बोटातलं रक्तच खरं.

सुईवाली:
सिरिंजचं टोपण पाहा!! मिलीला 40 युनिट इन्सुलिन असलेल्या बाटलीला लाल टोपणाची 40 चीच सिरिंज. 100 ची घेऊन 10 च्या रेघेपर्यंत भरली तर जातात फक्त 4 युनिट, मग "औषध लागू पडत नाही" म्हणतात. मुळातच गढूळ असणारं इन्सुलिन तळहातांत लाटा, झटकू नका. गुठळ्या दिसल्या तर फेकून द्या. सुई पोटावर किंवा मांडीवर, जागा रोज बदला.

वर्धाकाठ:
आमच्याकडे लाइन जाते रोज, फ्रिज असून नसल्यासारखा. मटक्यात ठेवलं तर?

सुईवाली:
ठेवा की. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली रेती. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत अन् वाऱ्याला. मे महिन्यात कोरड्या हवेत मस्त थंड राहते. आषाढात हवाच ओली, पाणी उडत नाही, तेव्हा शेजारचा फ्रिज बघा. पण बर्फाच्या खणात नाही, गोठलेलं बाद. उघडलेली बाटली 28 दिवसच.

रानतुळस:
अन् वावरात जाणाऱ्या बाईच्या ओटीत ग्लुकोजची पुडी असू द्या. हातपाय थरथरले, घाम फुटला की 3 चमचे पाण्यात, बसून राहायचं. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, 70 च्या खालीच असेल तर परत प्या. सुई घेतली अन् जेवण राहिलं, बहुतेक असंच घडते.

जवसचटणी:
बाळाचं कोणी बोललंच नाही. आईची शुगर बाळात जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त करते. नाळ कापली की साखर थांबते पण इन्सुलिन उरते, म्हणून बाळाची शुगर पडते. पहिल्या तासातच अंगावर पाजा. मध, गुळाचं बोट नको. बाळाची 45 च्या खाली गेली तर लगेच सिस्टरला सांगा.
आईची चाचणी 6 आठवड्यांनी परत, या वेळी उपाशीपोटी. लसीला बाळ आणतातच त्या सुमारास, तेव्हाच करून घ्या.

वर्धाकाठ:
बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मग?

पातोडी:
डिंक, खोबरं, मेथी चालते, गूळ निम्म्याहून कमी. लिंबाएवढा वळा, दिवसाला एक.