कलम १४ चा आदेश काढताना कर्जदाराला बोलवायला नको का?

उंबरठा
गृहकर्ज थकलं की बँक सरफेसी कायद्याच्या (कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ते बँकेचं प्रतिज्ञापत्र तपासतात, ३० दिवसांत (फार तर ६०) आदेश काढतात, आणि पोलीस बंदोबस्तात ताबा. कर्जदाराची सुनावणी नाही. भाडेकरू काढायला घरमालकाच्या चपला झिजतात आणि स्वतःच्या घरातून माणूस असा बाहेर! एक तारीख तरी द्या.

साधा ठेवीदार
एक तारीख? हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग कलम १३(२) ची, पैसे भरा म्हणून ६० दिवसांची नोटीस. हरकत घेतलीत तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं. एवढं होऊनही कलम १४ मध्ये पुन्हा सुनावणी? आमचा पैसा कोणी विचारायचा? २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते.

उंबरठा
पीएमसी वन बीएचकेवाल्यांनी बुडवली नाही हो. एचडीआयएल या बिल्डर कंपनीला दिलेल्या कर्जांनी बुडवली. आणि हरकतीला उत्तर देणार कोण, तर बँकच. म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश.

काळा कोट
दोघांचंही अर्धंच बरोबर. सुनावणीची जागा आहे, ती डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात): कलम १७, मुदत ४५ दिवस. आधी ७५ टक्के रक्कम भरा ही अट सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये मर्डिया केमिकल्स खटल्यात उडवली. पण अर्ज केला म्हणून कारवाई आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. लोक नोटिशीचं पाकीट कपाटात ठेवतात आणि लिलावाची जाहिरात आली की धावत येतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जाहिरात प्रसिद्ध झाली की पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्कच संपतो. २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे, कलम १४ मध्ये नाही.

कागलकर
आमच्याकडे सहकारी बँकांना राज्याच्या सहकार कायद्यातल्या कलम १०१ चा वसुली दाखला होताच. २०२० मध्ये मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात घटनापीठाने त्यांना सरफेसीही चालतो म्हटलं. शेतजमीन या कायद्यातून वगळलीय, पण गाळा आणि घर सापडतं. जामीनदाराचं घर तारण असेल तर तेही. त्या बिचाऱ्याने तर पैसा बघितलेलाही नसतो!

साधा ठेवीदार
जामीनदाराने सही डोळे मिटून केली होती का? आणि कलम १४ ची नोटीस द्याच, दुसऱ्या दिवशी घरात मेहुणा भाडेकरू म्हणून बसलेला दिसेल, जुन्या तारखेच्या करारासकट.

उंबरठा
१३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही, हे १३(१३) मध्येच आहे. मेहुण्याचा बंदोबस्त कायद्याने आधीच केलाय. दुसरं कारण असेल तर सांगा.

काळा कोट
जुनी तारीख खोटी हे शाबीत करायला पुन्हा डीआरटीतच जावं लागतं, उंबरठा. तिथली पुढची तारीख कधी मिळते ते एकदा विचारून या.