जिंकला, आणि शिफ्टवर गेला

रॅपर एमिनेमचा 'एट माइल' हा सिनेमा म्हणजे नेहमीचाच खेळपट, फक्त बॉक्सिंगच्या जागी रॅप, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं.

रॅबिट, म्हणजे एमिनेमने केलेला नायक, शेवटी जिंकतो खरा, पण कसा ते बघा. रॅपमधून एकमेकांची उणीदुणी काढायच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत तो आधी बोलतो आणि स्वतःचीच लक्तरं वेशीवर टांगतो: मी गोरा आहे, कफल्लक आहे, आईबरोबर ट्रेलरमध्ये राहतो, तुमच्या टोळक्याचा मार खाल्लाय. वर प्रतिस्पर्धी पापा डॉकचं खरं नाव क्लॅरेन्स आणि शिक्षण खासगी शाळेत, हेही फोडतो. मग माइक त्याच्याकडे देतो. आता तो बोलणार काय? पापा डॉक झालेला अँथनी मॅकी नुसता उभा. सिनेमाच्या सुरुवातीला जी गत रॅबिटची झाली होती, तीच आता याची.

आणि त्यानंतर? ना कॉन्ट्रॅक्ट, ना पार्टी. गडी कारखान्यात उरलेली शिफ्ट भरायला चालू लागतो. १९९५चं डेट्रॉइट आहे, काम सोडून भागणार नाही. खेळपटात असा शेवट फार कमी दिसतो.

मला जास्त आवडतात ते बसमधले प्रसंग. खिडकीबाहेर ओसाड घरं, हातात चुरगळलेला कागद, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात यमकं. कर्टिस हॅन्सनने तिथे घाई केलेली नाही.

प्रेमप्रकरण मात्र कच्चंच राहिलंय, ते मान्य.

सिनेमातल्या 'लूज युवरसेल्फ' या एमिनेमच्या गाण्याला ऑस्कर मिळालं, रॅप गाण्याला पहिल्यांदाच. घ्यायला एमिनेम हजरच नव्हता!