मोठे टायर लावताना पुढचा ॲक्सल विसरू नये
२८ इंचांऐवजी ३१ इंची टायर बसवल्यावर मागचे क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली चाके फिरवणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) बदलले की पुरे, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. हिशेब बरोबर आहे: मूळ गुणोत्तर (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) ४.१० असेल, तर त्याला ३१ ने गुणून २८ ने भागल्यास ४.५४ येते, म्हणजे ४.५६ चा संच जवळचा. परंतु फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशा गाडीत, पुढच्या ॲक्सललाही तेच गुणोत्तर लागते. आमच्या सोलापूरकडील ओल्या काळ्या रानात चाके घसरत असल्यामुळे पुढच्या-मागच्या गुणोत्तरांतली तफावत लपून राहते, मात्र फोर-व्हील ड्राइव्ह तशीच चालू ठेवून गाडी कोरड्या डांबरावर आली, की पुढचे-मागचे शाफ्ट पीळ धरतात आणि ट्रान्सफर केसचा (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा जागचा हलत नाही (आणि मग दोष बिचाऱ्या क्लचला!). भंगारातून संच घेताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा दात मोजावेत: क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ९ असतील, तर तो ४.५६ चा.