मदत हवी आहे: प्रयोगातला विराम पुरावा म्हणून कसा मांडायचा?

साहित्याच्या वर्गासाठी विश्लेषण लिहायचं आहे, पण संहितेचं नव्हे, प्रत्यक्ष नाट्यप्रयोगाचं. आधी संहिता वाचून दोनच आशयसूत्रं निवडायची, प्रत्येकासाठी प्रकाश, नेपथ्य, हालचाल यांतले किमान तीन पुरावे टिपायचे, असं ठरवलंय. अंधारात एकेक शब्दच लिहायचा, नाहीतर नजर रंगमंचावरून हटते. पडदा पडल्यावर तासाभरात नोंदी पूर्ण करायच्या. उशीर झाला की संवाद आठवतात, दृश्यं पुसट होतात.

अडचण पुढची आहे. समजा, एकटेपणाच्या प्रसंगात प्रकाशझोत आकसत गेला आणि नटाने वाक्याआधी लांब विराम घेतला. प्रकाश आधीच बसवलेला असतो, पण विराम? तो दिग्दर्शकाने बांधलेला की त्या प्रयोगापुरता, हे कसं ओळखायचं? पुन्हा प्रयोग पाहणं शक्य नसेल तर निबंधात तो कितपत ठामपणे मांडावा?